कुहलाऊच्या सोनाटिनानंतर पुढे काय? डॅनिश सिंफनी, क्वार्टेट वगैरेंची रेकॉर्डिंग्ज सुचवा

सोनाटिनावाली_आई
नमस्कार मंडळी. लेक (वय ११) पियानो शिकते आणि परीक्षेसाठी दोन महिने घरात एकच गोष्ट चालू आहे, कुहलाऊची सोनाटिना, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ५५ मधली पहिली, सी मेजर. आता ती मला झोपेतही वाजवता येईल, आणि मला पियानो येत नाही! परवा तिनेच विचारलं की आई हा माणूस कुठला, मी म्हटलं असेल जर्मन, शोधलं तर निघाला जन्माने जर्मन पण आयुष्य काढलं कोपनहेगनमध्ये. मग म्हटलं डेन्मार्कमधले अजून कोण आहेत ते ऐकावं. तर नील्सन टाकल्यावर भलतंच काहीतरी येतं, आणि नील्स गाडे नाव दिसल्यावर आधी मला वाटलं हे आपले नगरकडचेच कुणी असावेत.

मी मोझार्ट, हायडन थोडंफार ऐकते, बीथोवनच्या तिसरी, पाचवी, सातवी या तीनच सिंफन्या नीट ऐकल्यात. त्यापलीकडे अडाणी समजा. आयट्यूनवर वगैरे एकाच सिंफनीची वीस-वीस रेकॉर्डिंग्ज दिसतात त्यातलं कुठलं लावायचं हेच कळत नाही. सुरुवात कुठून करू? लेकीलाही ऐकवता येईल असं असेल तर फारच छान.

बासरीवाला
ताई, कुहलाऊचं नाव काढलंत म्हणून मी राहवत नाही म्हणून लिहितोय, कारण आम्हा फ्लूटवाल्यांचा तो देव आहे. त्याला फ्लूटचा बीथोवन म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला फ्लूट वाजवता येत नव्हता. पोटासाठी लिहायचा, फ्लूटचं खपायचं. लहानपणी अपघातात उजवा डोळा गेला, १८१० मध्ये नेपोलियनच्या सैन्यात भरती व्हावं लागेल म्हणून हॅम्बुर्गहून पळून कोपनहेगनला आला आणि तिथलाच झाला. १८२५ मध्ये व्हिएन्नाजवळ बाडेनला जाऊन बीथोवनला भेटला, तिथे म्हणे शॅम्पेन चिक्कार झाली, आणि बीथोवनने त्याच्या आडनावावर कोटी करून एक छोटा कॅनन (एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात ते गाणं) लिहून दिला, ‘क्यूल, निख्त लाऊ’ म्हणजे थंड, कोमट नव्हे! तुमच्या लेकीला हे सांगा, सोनाटिना वाजवताना जरा मजा येईल तिला.

ऐकायला: त्याच्या पियानो कॉन्सर्टोपासून सुरू करा, ओपस ७, तोही सी मेजरच. ऐकताना बीथोवनच्या पहिल्या कॉन्सर्टोची आठवण येईल, इतकी की कधीकधी लाज वाटते, पण गोड आहे. मग ‘एल्व्हरहॉय’ या १८२८ च्या नाटकासाठी लिहिलेली ओव्हर्चर. त्याच्या शेवटी डेन्मार्कचं राजगीत येतं. पूर्ण नाटकाचं संगीत हवं असेल तर जॉन फ्रॅन्डसेनने डॅनिश रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं डाकापो कंपनीचं आहे. डाकापो हे नाव लक्षात ठेवा, डॅनिश संगीत शोधताना पहिल्यांदा तिथेच बघायचं.

तळघरातली_तबकडी
बासरीवाले, कुहलाऊ ठीक आहे, पण बाई विचारतायत पुढे काय. पुढे कार्ल नील्सन, डेन्मार्कचा सगळ्यात मोठा संगीतकार. बाकी सगळे नंतर.

आणि नील्सन ऐकायचा तर जुना ऐकायचा. थॉमस जेन्सन, डॅनिश रेडिओ सिंफनी, पाचवी सिंफनी, डेक्का, १९५४. मोनो आहे, घाबरू नका. लाउनी ग्रॉन्डालची चौथी, १९५१ ची. हे लोक नील्सनच्या हाताखाली वाढलेले, जेन्सन तर टिव्होलीच्या (कोपनहेगनमधली मनोरंजनाची बाग) ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा आणि त्याने खुद्द नील्सनला कंडक्ट करताना पाहिलेलं होतं. लय कुठे सोडायची आणि कुठे धरायची हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आजचे कंडक्टर प्रत्येक वळणावर गाडी थांबवून देखावा दाखवतात.

कोपनहेगनकर
तबकडी काका आले की मोनो आलंच :) काका तुमचं म्हणणं पटतं पण ज्या बाईंनी आयुष्यात नील्सन ऐकला नाही त्यांना पहिल्याच दिवशी १९५१ चं मोनो कशाला? चौथ्या सिंफनीच्या शेवटी दोन टिंपनीवाले स्टेजच्या दोन टोकांना बसून एकमेकांवर तुटून पडतात, ती जुगलबंदी डावा कान उजवा कान अशी ऐकू आली तरच मजा, आणि मोनोमध्ये दोघंही एकाच खोलीत कोंबल्यासारखे वाटतात.

मी इथे आठ वर्षं आहे, नोकरी आयटीची, पण डीआर म्हणजे डॅनिश रेडिओच्या कॉन्सर्ट हॉलपासून मेट्रोने दहा मिनिटांवर राहतो त्यामुळे व्यसन लागलंय. आधी उच्चाराचं सांगतो. इथले लोक ‘नेल्सन’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. आणि गाडे नव्हेत ते, ‘गेऽदं’ असं काहीसं, शेवटचा द जिभेवर विरघळवायचा. मला अजून जमत नाही. नगरकडचे म्हटल्यावर मात्र ऑफिसमध्ये एकटाच हसलो.

ताई, माझ्या मते तुम्ही सिंफनीने सुरुवातच करू नका. तुम्हाला मोझार्ट आवडतो ना, मग नील्सनची विंड क्विंटेट लावा, ओपस ४३, १९२२ ची. पंचवीस मिनिटांच्या आसपास. ती लिहायचं निमित्तच मोझार्ट आहे. १९२१ मध्ये नील्सनने एका पियानिस्ट मित्राला फोन केला, तर मागे चौघं त्या मित्राबरोबर मोझार्टची विंडवाली सिंफोनिया कॉन्चर्टान्ते घोटत होते, ते फोनवरून ऐकू आलं आणि हा तिकडे जाऊन बसला. मग त्याच कोपनहेगन विंड क्विंटेटच्या पाच माणसांसाठी त्याने हे लिहिलं, आणि नुसतं फ्लूट-ओबो-क्लॅरिनेट-हॉर्न-‘बसून’ (खोल आवाजाचं लाकडी वाद्य) साठी नाही तर त्या पाच स्वभावांसाठी. कुणी तापट, कुणी शांत, कुणी गप्पिष्ट. शेवटच्या भागात त्याचंच एक साधं चर्चमधलं भजन घेतलंय आणि त्यावर एकामागून एक व्हेरिएशन्स. एकात हॉर्न एकटाच, बाकी चौघं गप्प. एकात ‘बसून’ एकटाच. आपल्याकडे बैठकीत प्रत्येकाला एकेक आवर्तन देतात तसंच वाटतं मला ते.

रेकॉर्डिंग: बर्गन विंड क्विंटेटचं बिस कंपनीचं. किंवा एमानुएल पाहूड, झाबिने मायर आणि मंडळींचं ईएमआयचं, त्याच अल्बमवर फ्लूट आणि क्लॅरिनेट कॉन्सर्टोही आहेत, सायमन रॅटल आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर. एकाच अल्बममध्ये काम होईल.

तळघरातली_तबकडी
क्विंटेटचं मान्य. पण मग तिचंही १९३६ चं ऐका, एचएमव्हीचं, ज्यात मूळ पाचांपैकी चौघं वाजवतात. खरखर आहे. क्लॅरिनेटवाला ऑक्सनवाड, तोच तो तापट. नील्सनने नंतर १९२८ मध्ये त्याच्यासाठी क्लॅरिनेट कॉन्सर्टो लिहिला तर म्हणे ऑक्सनवाड बोलला की याला स्वतःला क्लॅरिनेट वाजवता येत असणार, नाहीतर वाजवायला सगळ्यात वाईट सूर इतके नेमके कसे सापडले असते. नील्सनला पाचही जणांसाठी एकेक कॉन्सर्टो लिहायचा होता. दोनच झाले, फ्लूट आणि क्लॅरिनेट. १९३१ मध्ये गेला.

कोपनहेगनकर, दोन टिंपनींचं तुमचं बरोबर आहे. मला मान्य करायला दहा मिनिटं लागली.

स्पष्टवक्ता
आपल्याकडे किशोरीताई, कुमारजी असताना हे डेन्मार्कचं कोण ऐकतं बुवा. आधी घरचं ऐका.

सोनाटिनावाली_आई
@स्पष्टवक्ता घरचंही ऐकतो, सकाळी सासरे भीमसेन लावतात आणि त्यांच्यानंतर लेकीचा नंबर लागतो. दोन्ही चालतं एका घरात.

बाकीच्यांना, अहो किती छान लिहिताय! क्विंटेट काल रात्री ऐकली, पाहूडवाली. पहिला भाग भांडी घासताना लावलेला, ‘बसून’ सुरू झाला आणि मी नळ बंद केला. पण शेवटच्या भागाच्या आधी एक उदास तुकडा येतो त्यात ओबोचा आवाज वेगळाच, जाड, का येतो? आणि मोझार्ट-हायडनच्या जवळचं अजून काही डॅनिश आहे का? लेकीला तेच झेपेल.

बासरीवाला
ओबोवाला तिथे वाद्य बदलतो ताई! इंग्लिश हॉर्न घेतो, ओबोचा मोठा भाऊ. तेवढ्या प्रिल्यूडपुरता. तुमचा कान तयार आहे, अडाणी वगैरे म्हणू नका.

मोझार्टच्या जवळचं म्हणजे वाय्जे. सीईएफ वाय्जे, १७७४ चा, हाही हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनाहून आलेला, म्हणजे तेव्हा ते डेन्मार्कच्या राजाच्याच ताब्यात होतं. पोरगा विशी-पंचविशीत असताना १७९५ ते १७९९ मध्ये सात सिंफन्या लिहून बसला आणि नंतर पुन्हा सिंफनीकडे वळला नाही. हायडन ऐकल्यासारख्याच, फक्त मध्येच आभाळ भरून येतं. मिखाएल शॉनवान्ट आणि रॉयल डॅनिश ऑर्केस्ट्रा, डाकापो. हा ऑर्केस्ट्रा स्वतःचा जन्म १४४८ सांगतो! तेव्हा ते राजाचे तुतारीवाले होते, पण ठीक आहे, आपण कशाला वाद घालायचा.

मला सगळ्या सात आवडत नाहीत, खरं सांगतो. दोन-तीन नंतर एकसारखं वाटायला लागतं. मायनर सूरातल्या आधी ऐका.

कोपनहेगनकर
मोझार्ट आणि डेन्मार्क म्हटलं की इथली आवडती गोष्ट म्हणजे निस्सन. मोझार्ट गेल्यावर त्याची बायको कॉन्स्टान्झे हिच्याकडे भाडेकरू म्हणून एक डॅनिश वकिलातीतला माणूस राहायला आला, गेऑर्ग निकोलाउस निस्सन, १८०९ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि १८१० ते १८२० दोघं कोपनहेगनमध्ये राहिली. निस्सनने मोझार्टचे सगळे कागद लावले, पत्रं जपली, पहिलं मोठं चरित्र लिहायला घेतलं, ते तो गेल्यावर कॉन्स्टान्झेने १८२८ मध्ये छापून आणलं. बायकोच्या पहिल्या नवऱ्यासाठी इतकं कोण करतं? फक्त पत्रांतल्या चावट ओळी मात्र त्याने खोडून ठेवल्या, त्या वाचताना अभ्यासकांची अजून दमछाक होते. लाव्हेन्डेल्स्ट्रेड गल्लीत त्यांचं घर होतं, माझ्या जुन्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटं, बरीच वर्षं मी रोज समोरून जायचो आणि मला पत्ता नव्हता.

आणि मोझार्टची रेकॉर्डिंग्ज डॅनिशच हवी असतील तर आडाम फिशर आणि डॅनिश चेंबर ऑर्केस्ट्रा. सगळ्या सिंफन्या डाकापोवर आहेत. फिशरने याआधी ऑस्ट्रो-हंगेरियन हायडन ऑर्केस्ट्राबरोबर हायडनच्या सगळ्या १०४ केल्या होत्या, आयझेनश्टाटच्या त्या एस्टरहाझींच्या राजवाड्यात जिथे हायडन स्वतः नोकरीला होता, तर ती सगळी शिदोरी घेऊन तो इकडे आला. तंतूंचा आवाज कोरडा, झटका देणारा, पितळी वाद्यं पुढे. काहींना हे भांडल्यासारखं वाटतं. मला आवडतं. लेकीला ४१ वी ‘ज्युपिटर’ ऐकवा, शेवटच्या भागात काय काय गुंफतात बघ म्हणावं.

या ऑर्केस्ट्राची कथा ऐका. १९३९ पासून डॅनिश रेडिओचा होता, २०१४ मध्ये रेडिओने पैसे वाचवायला तो बंद करायचं ठरवलं, ४२ वादक. त्याच वर्षी शेवटच्या काही महिन्यांत त्यांचा एक व्हिडिओ सगळीकडे पसरला, चिली क्लाउस नावाचा एक माणूस आहे इथे, त्याने सगळ्यांना जगातल्या सगळ्यात तिखट मिरच्या खायला दिल्या आणि त्यांनी त्या खाऊन ‘टँगो जालूसी’ वाजवला. घाम, अश्रू, नाक, सगळं वाहतंय, चेहरे लालबुंद, आणि कुणी सूर सोडत नाही. आपल्या कोल्हापूरकरांनी तरी इतकी मिरची खाऊन ऑर्केस्ट्रा वाजवला असता का शंका आहे. जानेवारी २०१५ पासून लोकांच्या वर्गणीवर तोच ऑर्केस्ट्रा स्वतंत्र उभा राहिला, आणि त्यानंतर फिशरबरोबर बीथोवनच्या नऊही केल्या, नॅक्सॉसवर. लेकीला आधी व्हिडिओ दाखवा, मग मोझार्ट!

(जालूसी लिहिणाराही गेऽदंच, याकोब गेऽदं, १९२५, मूकपटाच्या थिएटरातला वादक होता. सिंफनीवाल्या नील्सशी याचं नातं नाही.)

तळघरातली_तबकडी
सिंफनीवाल्या गाडेबद्दल (मी गाडेच म्हणणार) कुणीच काही सांगितलं नाही म्हणून दोन ओळी. पहिली सिंफनी कोपनहेगनने घेतली नाही, त्याने लाइप्झिगला मेंडेल्सझोनकडे पाठवली, त्याने १८४३ मध्ये वाजवली आणि डोक्यावर घेतलं. मेंडेल्सझोनच्या व्हायोलिन कॉन्सर्टोचा पहिला प्रयोग १८४५ मध्ये गाडेनेच कंडक्ट केला. १८४८ च्या डेन्मार्क-प्रशिया लढाईच्या वेळी घरी परतला आणि पुढची चाळीस वर्षं कोपनहेगनचं संगीत त्याच्या मुठीत. आठ सिंफन्या, पाचवीत पियानो आहे, ती लग्नाची भेट म्हणून बायकोला. रेकॉर्डिंग नेमे यार्वीचं, बिस कंपनीचं. पण मला विचाराल तर त्याचं ऑक्टेट ऐका, ओपस १७, आठ तंतुवाद्यं. सिंफन्यांमध्ये मेंडेल्सझोनचा कोट अंगाला सैल होतो, ऑक्टेटमध्ये बसतो.

नील्सनचा व्हायोलिन कॉन्सर्टोही विसरू नका. येहुदी मेन्युहिनने १९५२ मध्ये रेकॉर्ड केला, मोगेन्स वोल्डिकेबरोबर. त्याच वर्षी मेन्युहिन पहिल्यांदा आपल्याकडे आले होते, मुंबईतही वाजवलं.

पाचवीतला_ताशा
उशिरा आलो. आयडी बघून कळलंच असेल कशाबद्दल बोलणार.

सगळे क्विंटेट आणि मोझार्टमध्ये रमलेत पण ताई, पाचवी सिंफनी ऐकल्याशिवाय धागा बंद करू नका प्लीज. दोनच भाग. सुरुवात व्हायोला दोन सुरांवर नुसते हलत राहतात, काहीच घडत नाहीये असं वाटतं, मग खालून स्नेअर ड्रम येतो, लांबून मिरवणूक येतेय तसा. पुढे सगळं निवळतं, तंतू मोठा शांत जी मेजरमधला सूर धरतात, इतकं सुंदर की वाटतं आता झालं, आणि तेव्हाच तो ड्रमवाला परत येतो. एका टप्प्यावर तर नील्सनने त्याला ठेका लिहूनच दिलेला नाही, सूचना दिलीय की आपल्या स्वतःच्या लयीत असं वाजव की काहीही करून या ऑर्केस्ट्राला थांबवायचंच आहे. मी स्वतः दहा वर्षं गणपतीत पथकात ताशा वाजवला, आम्हाला शिकवतात की ठेका कधी सोडायचा नाही. आणि इथे एका माणसाला ठेका मोडायलाच बसवलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात शिवशिवत होते, त्याच्या बाजूने का ऑर्केस्ट्राच्या बाजूने हेच कळेना. शेवटी ऑर्केस्ट्रा जिंकतो, ड्रम लांब लांब जातो आणि एकटा क्लॅरिनेट उरतो. १९२२ ची आहे, महायुद्ध संपून चार वर्षं झालेली. १९२४ ला स्टॉकहोममध्ये वाजली तेव्हा बरेच लोक मध्येच उठून गेले.

रेकॉर्डिंग: हेर्बर्ट ब्लूमस्टेट, सॅन फ्रान्सिस्को सिंफनी, डेक्का, चौथी आणि पाचवी एकाच सीडीवर. १९८७ च्या आसपासचं. माझी सीडी मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, दुकान २०१६ मध्ये गेलं, सीडी अजून चालते. बर्नस्टाइनची १९६२ ची न्यूयॉर्कवाली पण आहे, जास्त तापलेली. होरेनश्टाइनची १९६९ ची अजून वेगळी, संथ, ड्रम अंगावर काटा आणतो. ब्लूमस्टेटने सुरुवात करा. आणि तबकडी काका, जेन्सनचा ड्रम मला भित्रा वाटतो. मारा मला.

तळघरातली_तबकडी
मारत नाही. पण ‘भित्रा’ हा माइकचा दोष आहे, माणसाचा नव्हे. १९५४ मध्ये माइक कुठे होता आणि ड्रम कुठे होता याचा विचार करा.

बासरीवाला
ताशा भाऊ जबरदस्त लिहिलंत.
ताईंच्या लेकीसाठी नील्सनचंच: लिटल सुइट, ओपस १, नुसती तंतुवाद्यं, १८८८ मध्ये टिव्होलीत पहिल्यांदा वाजली, मधला वॉल्ट्झ तेव्हाच लोकांनी पुन्हा वाजवायला लावला होता. हेलिओस ओव्हर्चर, अथेन्समध्ये असताना लिहिली, सूर्य उगवतो, डोक्यावर येतो, मावळतो, बारा मिनिटं. आणि अल्लादीन सुइट. त्यात एक ‘हिंदू नृत्य’ आहे, त्यात हिंदू काहीही नाही, हसायला बरं आहे. पण ‘इस्पहानचा बाजार’ भारी, चार वेगवेगळे गट आपापलं वेगळंच वाजवत राहतात, मंडईत उभं राहिल्यासारखं.

क्वार्टेट हवी असेल तर डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटने नील्सनच्या सगळ्या केल्यात डाकापोवर, अगदी तरुण होते तेव्हा. एफ मेजरमधली, ओपस ४४, आधी ऐका, तीच हायडनच्या सगळ्यात जवळची. नंतर त्यांनी ‘वुड वर्क्स’ म्हणून गावाकडची लोकगीतं पण काढली, ती तर घरात कुणालाही आवडतील, सासऱ्यांनाही.

कोपनहेगनकर
जाता जाता, अजून एक डॅनिश संगीतकार, रूड लांगगार्ड. नील्सनवर आयुष्यभर जळला. बिचाऱ्याला राजधानीत कुणी नोकरी दिली नाही, सत्तेचाळिसाव्या वर्षी रिबं गावच्या चर्चमध्ये ऑर्गनिस्ट झाला. १९४८ मध्ये त्याने ‘कार्ल नील्सन, आपला महान संगीतकार’ नावाची रचना लिहिली, फक्त ३२ बार (आवर्तनांसारखी मापं), आणि सूचना अशी की हे अनंतकाळ परत परत वाजवा. इतका सुंदर टोमणा मी पाहिला नाही. पण तोच माणूस १९१८ पर्यंत ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ लिहून बसला होता, ते मात्र टिंगल नाही. रेकॉर्डिंग थॉमस दाउसगार्डचं, डाकापो. रात्री दिवे बंद करून.

सोनाटिनावाली_आई
अपडेट. मिरचीचा व्हिडिओ बघून लेक इतकी हसली की सोनाटिना पाच वेळा न सांगता वाजवली, कशी काय ते विचारू नका. वाय्जे सुरू केलाय, बासरीवाले म्हणाले तसं दोनच ऐकून थांबले. मेन्युहिनचं सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले माहितीये, आणि उठून गेले आणि एक जुनं कात्रण घेऊन आले, दुसऱ्याच कुठल्यातरी मैफिलीचं, पण हरकत नाही.

पाचवी काल ब्लूमस्टेटची लावली, हॉलमध्ये, मोठ्याने. ड्रमवाला परत आला तेव्हा सासरे आतून बाहेर आले आणि म्हणाले कुणाचा तरी टीव्ही चालू राहिलाय का, दोन कार्यक्रम एकत्र ऐकू येतायत. मी म्हटलं नाही बाबा, असंच आहे. ते शेवटपर्यंत उभेच राहिले दारात. मग क्लॅरिनेट संपल्यावर विचारलं, तो ड्रमवाला पुढच्या भागात येतो का परत?

पाचवीतला_ताशा
नाही येत. तिथेच गंमत आहे, सांगू नका त्यांना, बसवून ऐकवा.